शर्टाच्या कॉलरमधलं बाबांचं अक्षर

मी, मधुकर दशरथ धुरी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पूर्वी छापखान्यात कागद कापणे आणि हल्ली घरी बसून कागद कापणे, राहणार चारकोप, कांदिवली पश्चिम, मुंबई, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि कोणाच्या भरीला न पडता, माझ्या पश्चात काय व्हावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. आमच्या डॉ. इरावती सामंत यांनी मला तपासून मन ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर आहे हे खरे. गेल्या बावीस दिवसांत ते ठिकाणच हादरले आहे, पण त्याचा दाखला डॉक्टर देत नाहीत.

कलम १. पत्नी रत्नप्रभा वारल्यावर, सन २०२२ मध्ये, मी एक मृत्युपत्र केले होते व त्यात सर्व काही मुलगा सुशांत याला दिले होते. ते रद्द समजावे. मी ते फाडलेले नाही, वर 'रद्द' लिहून फाइलीत लावले आहे. यापुढे या घरात लिहिलेला कुठलाही कागद फाडला किंवा कापला जाणार नाही.

कलम २. माझ्या मागे राहणारी माणसे: मुलगा सुशांत आणि सून मानसी, राहणार दहिसर. धाकटी बहीण कुंदा आणि तिचा मुलगा प्रांजल, राहणार मुलुंड. कुंदा आणि मी फेब्रुवारी २०११ पासून एकमेकांशी बोललो नव्हतो. चूक कोणाची, हे मी चौदा वर्षे सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलो. खरे काय ते पुढे लिहितो.

कलम ३. माझ्या वस्तूंची वाटणी कळण्यासाठी माझे काम कळणे जरूर आहे. विक्रोळीच्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षे कटिंग मशीनवर होतो. पहिल्याच दिवशी उस्तादाने सांगितले होते, "छापलेलं वाचायचं नाय. वाचायला गेलास की बोट गेलं." मी ते देवाच्या शब्दासारखे पाळले. लग्नपत्रिका, शाळेची पुस्तके, औषधांची खोकी, सगळे माझ्या पात्याखालून गेले आणि मी एक ओळ वाचली नाही. बाबा चिडायचे. ते मालवणीत म्हणायचे, "मधू, वाच रे कधीतरी. नुसता कापीत काय ऱ्हवतंस?" मी दहा बोटे शाबूत घेऊन निवृत्त झालो आणि त्याचा मला गर्व होता.

कार्डांचे वेड लागले १९९८ साली. आमचा फोरमन निवृत्त झाला तेव्हा आम्ही बाजारातून कार्ड आणले, त्यावर गुलाब आणि मांजरीचे पिल्लू. तो भरघोस मिशीचा माणूस ते कार्ड हातात घेऊन असा अवघडून उभा राहिला की मलाच लाज वाटली. पुरुषाला द्यायचे कार्ड दुकानात नसतेच. घरी येऊन मी उरलेल्या जाड कागदाचे पहिले कार्ड केले: घडी घातलेला शर्ट, ताठ कॉलर, दोन बटणे, खिशाला पेन. तेव्हापासून मी फक्त पुरुषांसाठी कार्डे करतो. फुले नाहीत, चमकी नाही. खाकी, राखाडी, विटकरी रंग, दातेरी चाके, मोटरसायकली, जुने नकाशे. जुन्या डब्यांना, पुस्तकांना, घड्याळांना कागद चढवून त्यांचे रूपही पालटतो. आणि या सगळ्याला शोभतो तो जुना, हाताने लिहिलेला कागद. तो चहाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा आणि अक्षर उलटे, खाली डोके वर पाय येईल असा चिकटवायचा. उलटे अक्षर कोणी वाचत नाही, त्याची नुसती नक्षी होते. ही युक्ती माझी स्वतःची. तिचे लोकांनी फार कौतुक केले.

कलम ४. बाबा, दशरथ धुरी, परळच्या गिरणीत कामाला आणि आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाचे चिटणीस होते. त्यांची ट्रंक मंडळाच्या सभांच्या इतिवृत्तांनी भरलेली असे. २०१० साली ते वारले. दोन महिन्यांनी रत्नप्रभा म्हणाली, ट्रंक रिकामी करा, गाद्या ठेवायच्या आहेत. मी सगळे कागद उचलून माझ्या टेबलाखालच्या खोक्यात टाकले आणि खोक्यावर लिहिले, 'जुना कागद'. त्यातले एकही पान मी वाचले नाही.

बाबांच्या वर्षश्राद्धाला, पाने उठल्यावर, कुंदा सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, बाबांनी या घराबद्दल लिहून ठेवलंय. मला म्हणाले होते, ट्रंकेत आहे." मी ट्रंक ओढून मधोमध आणली, गाद्या बाहेर काढल्या आणि म्हणालो, "दाखव. कुठाय?" तिने ट्रंकेत वाकून पाहिले, ती रिकामी. मी तिला काय म्हणालो ते कलम ५ मध्ये आहे. ती चप्पल घालून गेली ती गेलीच. रत्नप्रभा मला मरेपर्यंत सांगत होती, "कुंदाताई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत." मी तिचेही ऐकले नाही, आणि आता ऐकले हे तिला सांगायला ती नाही.

प्रांजलला मात्र मी दर वाढदिवसाला एक कार्ड टपालाने पाठवत होतो. खाली फक्त 'मामा' एवढेच. बोलणे बंद असले तरी भाचा भाचाच.

या वर्षी भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमारास दार वाजले. दारात कुंदा होती, केस सगळे पांढरे, आणि हातात प्रांजलला मी २०१८ साली पाठवलेले शर्टाचे कार्ड. घर बदलण्यासाठी सामान बांधताना ते निघाले होते आणि ओलीने त्याची कॉलर सुटली होती. ती आत आली नाही. चौदा वर्षांनंतरचे तिचे पहिले वाक्य असे होते: "दादा, हे बाबांचं अक्षर तुझ्याकडे कसं?"

मी म्हटले, "मंडळाचं काहीतरी असेल." तिने कार्ड उलटे धरले आणि कॉलर माझ्या डोळ्यांपुढे आणली. त्यावर लिहिले होते, 'त्यात कुंदा हिचा सारखा हिस्सा राहील.'

मला आधी काही कळलेच नाही. मग कळले, आणि मी खाली बसलो, तिथे खुर्ची नव्हती. कुंदाने पाणी आणून दिले. तिला स्वयंपाकघरातला माठ अजून जुन्याच जागी सापडला.

तो कागद मला आठवत होता. मे २०१८, लांब रेघी पान, निळी-काळी शाई, चहात फार सुंदर उतरले होते. त्याचे मी आठ तुकडे केले होते. त्या दिवशी ते आठ तुकडे मी किती खुशीत कापले, हेही आठवते. मी दुसऱ्याच दिवशी विक्रोळीला भीमराजकडे गेलो. भीमराज मशीनवर माझा जोडीदार होता आणि मी त्याला त्याच्या निवृत्तीचे दातेरी चाकांचे कार्ड दिले होते. चाकांखाली तीन तुकडे निघाले. मी रडायला लागलो तर तो म्हणाला, "मध्या, तूच शिकवलंस ना यार मला, वाचायचं नाय म्हणून? मी सात वर्षं कार्ड भिंतीला लावलंय, एक अक्षर वाचलं नाय." सुशांतला मी जुने पुस्तक आतून कोरून घड्याळ ठेवायची पेटी करून दिली होती. तिच्या तळाला दोन तुकडे होते.

मानसीने ते सगळे वाफेवर सोडवले आणि जेवणाच्या टेबलावर जुळवले. बाबांनी लिहिले होते: 'गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या घराचे हप्ते सहा वर्षे कुंदाच्या पगारातून गेले. त्यासाठी तिने तीन स्थळे परत पाठवली. मधूला सांगू नका, त्याला लाज वाटेल, असे तीच म्हणाली. माझ्या नावे आधीच परळची खोली असल्यामुळे दुसरे घर मला मिळत नव्हते, म्हणून मधूच्या नावावर घेतले, ते सोयीपुरते. त्यात कुंदा हिचा सारखा हिस्सा राहील.'

मला यातले काही म्हणजे काही माहीत नव्हते. माझ्या पगारावर घर उभे राहिले असे मी जन्मभर सांगत आलो. मी निम्मा पगार घरात देत होतो. आणि ती स्थळे परत जात होती तेव्हा मी घरात तिची टिंगल करायचो, "हिच्या कुंडलीत नवराच नाही." ती भाकऱ्या थापत ऐकून घ्यायची.

सातवा तुकडा शोधायला मला कुठे जावे लागले नाही. बाबांच्या किल्लीच्या घड्याळाला मी कागद चढवून हॉलमध्ये टांगले आहे. दर रविवारी मी स्टुलावर चढून त्याला किल्ली देतो. मानसी म्हणाली, "पप्पा, ते घड्याळ उतरवा ना जरा." उतरवले, उलटे केले. सहाच्या आकड्यापाशी बाबांच्या अक्षरात लिहिले होते: 'हा कागद मधूने स्वतः मोठ्याने वाचावा. त्याला वाचायचा कंटाळा आहे.' सात वर्षे ते माझ्या नाकासमोर होते. मला अजून त्याचा धक्का पचलेला नाही आणि पचेल असे वाटत नाही.

कलम ५. राहते घर. कायद्याने ते माझे एकट्याचे आहे आणि बाबांचा तो कागद कोर्टात टिकला असता की नाही, मला ठाऊक नाही. मला तो कोर्टात न्यायचा नाही. माझ्या मागे या घराचा अर्धा हिस्सा बहीण कुंदा हिला, ती नसल्यास प्रांजलला, आणि अर्धा सुशांत व मानसी यांना मिळावा. सुशांत म्हणाला, "पप्पा, एका कार्डाच्या तुकड्यावर अर्धं घर?" त्याला उत्तर हे की, बाळा, घर तिच्या सहा वर्षांवर उभे आहे आणि तू त्याच घरात जन्मलास.

कुंदाला मी म्हटले, मेल्यावर कशाला, आत्ताच नाव लावू. ती म्हणाली, "घराचं मागाहून बघू. तू मला सगळ्यांसमोर जे म्हणालास ना, ते आधी परत घे. सगळ्यांसमोर." म्हणून इथे लिहितो. बाबांच्या वर्षश्राद्धाला, पंधरा-वीस माणसांसमोर, मी माझ्या बहिणीला खोटारडी म्हटले. ती खोटे बोलत नव्हती. कागद होता. तो माझ्याच टेबलाखाली होता आणि तो मीच कापला. तिची चौदा वर्षे मी परत देऊ शकत नाही. मला तिची माफी मागायची आहे आणि ती मी मागतो.

कलम ६. बाबांचे जुळवलेले सात तुकडे काचेत बसवले आहेत. ती काच आणि किल्लीचे घड्याळ कुंदाला. घड्याळावरचा कागद मी सुलटा लावला आहे.

कलम ७. आठवा तुकडा मिळालेला नाही. त्यावर बाबांची सही होती. तो मोटरसायकलच्या कार्डात गेला आणि ते कार्ड त्याच वर्षीच्या दिवाळीत, मी बोरिवलीला लावलेल्या कार्डांच्या स्टॉलवर, एका बाईंनी घेतले. "सासरे फार कडक आहेत, त्यांना हेच चालेल," असे म्हणाल्या होत्या. नाव मी विचारले नाही. कोणा अनोळखी सासऱ्यांच्या कपाटात माझ्या बाबांची सही आहे, या विचाराने मी जेवता जेवता थांबतो. ते कार्ड कधी सापडले तर सही कुंदाला द्यावी.

कलम ८. लोखंडी पट्टी, कात्र्या, पंच, घडी घालायची हाडाची पट्टी आणि लहान कटर भीमराजला. अट एकच. कापण्याआधी वाचायचे. बोटे आपली सांभाळायची, पण वाचायचे.

कलम ९. तयार कार्डे सोसायटीतल्या पुरुषांना वाटावीत. कोणी 'कशाला, कशाला' म्हणेल, तरी द्यावीत, मनातून त्यांना हवी असतात. माझ्या स्टॉलला 'बायकी उद्योग' म्हणणारे आमचे माजी सेक्रेटरी यांच्यासाठी कपाटात एक गुलाबी कार्ड वेगळे ठेवले आहे. त्याला मी मुद्दाम चमकी लावली आहे.

कलम १०. बँकेतली ठेव सुशांतला. या सर्वाची व्यवस्था पाहणारी म्हणून मी सून मानसी हिला नेमतो. ती औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरेसुद्धा वाचते.

कलम ११. असे कागद माणूस मेल्यावर उघडतात. हा तसा ठेवायचा नाही. वर्षश्राद्धाला हजर असलेल्यांपैकी जेवढे हयात आहेत, त्या सर्वांना मी आज घरी बोलावले आहे आणि हा कागद मी स्वतः वाचणार आहे. कुंदाला साक्षीदार म्हणून सही करायची होती. हिस्सा घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितले, म्हणून तिच्यासाठी सगळ्यात खाली जागा सोडली आहे. तिथे तिने काय लिहावे, हे मी सांगणार नाही.

प्रत्येक पानावर माझी सही आहे. या कागदाला कोणी कात्री लावू नये.

ठिकाण: चारकोप, मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: मधुकर दशरथ धुरी

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली:
१. भीमराज कांबळे, विक्रोळी (पूर्ण वाचून सही केली)
२. डॉ. इरावती सामंत, चारकोप

सोडलेली जागा:
दादाने उभे राहून, मोठ्याने वाचले. कलम पाचला अडखळला. परत वाचायला लावले. दुसऱ्यांदा नीट वाचले. मी ऐकले.
कुंदा