न खोकता फुंकायचं

९ जानेवारी
आज नातीचं तोंड पाह्यलं — मोबाइलवर! ती खाली, मी गच्चीवरच्या खोलीत. एकाच घरात व्हिडिओ कॉल. मले उबळ आली अन् सुनेनं, काजलनं, फोन बाजूले केला. जसा काही खोकला फोनातूनही जाते!

१२ जानेवारी
जिजाबाईनं ताट पायरीवर ठेवलं. बायको माझी, पण खालूनच बोलते. "बाळ लहान आहे जी. समजून घ्या." समजतेच. म्हणून तर भांडताही येत नाई. थुंकी तपासली, एक्स-रे झाला — टीबी नाई. रिपोर्ट सगळ्यायले दाखवला. तरी ताट पायरीवरच.

१९ जानेवारी
विहारात वंदनेले गेलतो. त्रिशरण सुरू झालं अन् खोकला थांबेचना. बाहेर येऊन चपला घातल्या. कोणी जा म्हटलं नाई. थांबाही म्हटलं नाई.

२७ जानेवारी
अनुप, पोरगा माझा, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. एसटीत तोंडावर रुमाल धरला, तरी शेजारचा उठून उभ्यानं गेला.

तिथं श्वासाची तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणे, "छाती भरून श्वास घ्या, मग या नळीत सावकाश सोडा. पडद्यावरचा फुगा हलू देऊ नका." मधी खोकायचं नाई! अन् मले तेच तर जमत नाई. दोनदा उबळ आली, दोनदा वाया. मग डोळ्यातून पाणी गळे, पण सोडत राह्यलो. जमलं.

दम्याची सूज असली तर आकडा चढते, म्हणे. मी मनात म्हणून राह्यलो — चढ बाबा! दमा तं दमा. नाव तरी सापडू दे.

आकडा कमी आला.

"म्हणजे काहीच नाई?" रडकुंडीले आलो. ती म्हणे, "कमी येणं हेही उत्तरच आहे, काका. दम्याचा पंप ओढून उपयोग नाही, एवढं कळलं. गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

अनुपनं पिशवीतून बीपीची गोळी काढली. मागच्या वर्षी सुरू झालती. तिनं पाकीट उलटसुलट पाह्यलं. "काही जणांना या गोळीनंच असा कोरडा खोकला होतो. ही बदलून देते. मनानं बंद करू नका, ही दुसरी घ्या. अन् धीर धरा, वेळ लागेल."

रोज सकाळी चहाआधी मीच गिळत होतो!

५ फेब्रुवारी
तसाच आहे. जिजाबाईले सांगितलं, गोळीनं होते. "असं कुठं असते काय?" म्हणे.

१८ फेब्रुवारी
दुपारी पेपर पुरा वाचला. मधी एकदाही खोकलो नाई. भेवानं कोणाले सांगितलं नाई.

८ मार्च
खाली आलो. काजलनंच नात आणून मांडीवर दिली. "घ्या, बाबा." केवढी हलकी! जिजाबाई पदरानं डोळे पुसून राह्यली. अनुप फोटो काढे. माझी छाती एकदम शांत. आता खालीच झोपा, काजल म्हणे.

९ मार्च
सकाळी नात खोकली. एकदाच. सगळ्यायनं माझ्याकडं पाह्यलं.
मी गादी गुंडाळली.