आईला धरण दाखवायचंय

इब्रा, सोमवार

आदरणीय मुहन्नाद दाजींस झाहिरचा सलाम. तुमची, शिनूनाताईची, मुलांची तब्येत कशी आहे? तुमचा गुडघा? (ताईला फोनवर विचारलं तर ती नुसतं "बरा" म्हणते. तुम्ही शेजारीच बसलेले असणार.) इकडे सगळं क्षेम, बातमी काही नाही.

आता बातमी सांगतो. आईनं या हिवाळ्यात डोंगरातलं धरण बघायचा ध्यास घेतलाय. म्हणते, पाय चालताहेत तोवर एवढं पाणी एका जागी उभं असलेलं डोळ्यांनी बघू दे. तीन शुक्रवारांमागे मी बेत ठरवला. (पंक्चर काढण्यापासून सुरुवात करून तीन दुकानं उभी केलेल्या माणसाला एक सहल जमणार नाही, असं कुणाला वाटेल?) भात-मटणाचं पातेलं आणि मोठी चटई घेऊन धाकटा भाऊ सैफ पुढे गेला. आई माझ्या गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर खजुराचा डबा. गाडी सुरू केली, तेवढ्यात समोरून कडबा विकणारा हमूद आला. धरणाकडूनच येत होता, चाकं चिखलानं माखलेली. मला टायरमधलं कळतं, तरी मी चिखल बघून न बघितल्यासारखं केलं. रीत म्हणून विचारलं, काय बातमी? तो म्हणाला, बातमी नाही, सगळं ठीक. त्यानं मला विचारलं, मीही तेच म्हणालो. मग त्याच्या घरचे, माझ्या घरचे, त्याचे उंट, माझे कामगार, सगळ्यांची चौकशी झाली. दारात आलेल्याला कॉफी न देता कसं जायचं? सतरंजी उतरवली, थर्मास उघडला. खजुराचा डबा आईच्या मांडीवरून काढून घेतला, तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी परत सात वर्षांचा झालो. हमूदनं तीन पेले घेतले, तिसरा 'पुरे' म्हणून हलवून खाली ठेवला, तोंड पुसलं आणि मग म्हणाला, "रात्री वादीच्या कोरड्या पात्राला पूर आला. धरणाचा रस्ता वाहून गेलाय. तुमचा सैफ चिखलात रुतलाय, मला हात करत होता."

त्याला बोल कसा लावू? पहिल्या पेल्याआधी वाईट बातमी सांगितली असती, तर मीच गावभर म्हणालो असतो की हमूदला रीतभात नाही. सैफ संध्याकाळी आला, रिकामं पातेलं आणि वाटेत अडकलेल्या अकरा नव्या दोस्तांचे नंबर घेऊन. सगळ्यांनी मटणाची तारीफ केली म्हणे.

रस्ता आता दुरुस्त झालाय. येत्या शुक्रवारी पुन्हा बेत आहे. पण आई अडून बसलीय: जावई आला तरच गाडीत बसेन. गेल्या वर्षी ईदला तुम्ही माझ्या खड्ड्यात पुरून भाजलेल्या मटणाला कच्चं म्हणालात, मी तुम्हाला डब्यातलं खाणारा मस्कतवाला म्हणालो, आणि त्यानंतर तुम्ही दोन ईदा इकडे फिरकला नाहीत. मला त्याचं काही नाही. आईसाठी लिहितोय.

आपला,
झाहिर

ता. क. येताना मोठी चटई आणा. आमची सैफच्या चाकाखाली गेली.

ता. क. २. ते मटण मधे जरा कच्चं होतं. खड्डा मीच लवकर उघडला होता. हे ताईला वाचून दाखवू नका.

ता. क. ३. पत्र आईला वाचून दाखवलं (मटणाचं सोडून). ती हसली. म्हणाली, "मागच्या बुधवारीच शेजारणींबरोबर बसनं जाऊन आले धरणाला. पाणी आहे, दुसरं काय असणार? मला तुम्ही दोघं एका गाडीत हवे आहात. दीड तास, दारं बंद." तेव्हा दाजी, गाडी तुमचीच आणा. मी मागे बसेन.