ओव्याची बरणी

प्रिय गोडकाडी,

…आणि त्या सकाळी मी आधी कुंड्यांना पाणी घातलं. पुदिना, कोरफड, गवती चहा आणि सगळ्यांत शेवटी दाराजवळचा अडुळसा. तुझे बाबा त्याला आपल्या घरातला सगळ्यांत कडू आणि सगळ्यांत उपयोगी माणूस म्हणायचे. त्यावर तू विचारायचीस, मग आईचा नंबर कितवा? नंतर मी दुकानाच्या फळ्या पुसल्या, सुंठ चाळली, जुन्या वर्तमानपत्रांचे चौकोन फाडून पुड्यांसाठी दगडाखाली ठेवले. चहा झाला. बाबा खुर्चीत बसून ज्येष्ठमधाच्या काड्या तोडत होते आणि त्यातली जाड काडी सवयीने बाजूला ठेवत होते. तू लहानपणी ती दिवसभर चघळायचीस, म्हणून तर तुझं हे नाव. तू नर्स होऊन परगावी गेलीस त्याला सहा वर्षं झाली होती, तरी जाड काडी तुझीच.

बाबा गेले त्या सकाळचं एवढंच मी तुला सांगितलं होतं. थोडं राहिलंय. ते सांगते, पण मला माझ्या चालीने सांगू दे.

तुझं पत्र मिळालं. या महिनाअखेरीस दुकान बंद कर, बरण्या वाटून टाक आणि माझ्याकडे ये, असं लिहिलंयस. पुड्यांवर विसंबून लोक दवाखान्यात उशिरा येतात, आई, आणि तो उशीर मी रोज डोळ्यांनी बघते, हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात खोटं काही नाही. पण तुझ्या बाबांचं दुकान तू समोरून पाहिलंस, मी मागून पाहिलंय. खोकल्याला अडुळसा आणि मध, दाढ ठणकली तर लवंग, चटका बसला तर कोरफडीचा गर, हे कुणालाही ठाऊक असतं. तुझ्या बाबांची हुशारी वेगळीच होती. पुडी कधी बांधायची नाही, हे त्यांना कळायचं. समोरचा काहीही मागो, आधी तीन प्रश्न: कधीपासून? घाम सुटतोय का? दुखणं एका जागी आहे की सरकतंय? उत्तर आवडलं नाही की कागद पुन्हा दगडाखाली. हे माझ्या पुडीचं काम नाही, सरळ डॉक्टर गाठ, म्हणायचे. गिऱ्हाईक रुसायचं. एक बाई तर महिनाभर आपल्या दुकानासमोरून मान फिरवून जात होती. बाबा म्हणाले, मान फिरवतेय म्हणजे मान बरी आहे.

मला वाचायलाही त्याच बरण्यांनी शिकवलं, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. पण नाक शाबूत होतं. झाकण उघडलं की आत काय आहे ते कळायचं, आणि बाहेर चिठ्ठीवर तुझ्या आजोबांनी तेच लिहिलेलं असायचं. वासावरून मी अक्षरं ओळखली. पहिला शब्द 'ओवा', छोटा आणि सोपा. मग लवंग, हळद. 'ज्येष्ठमध'ने मात्र महिना खाल्ला. पुढे पुड्यांचे कागद वाचू लागले. त्यात अमक्याचा खून झाल्याचं कळायचं, पण कुणी केला तो तुकडा कुणाच्या तरी हळदीबरोबर गेलेला असायचा. पुढे वाचनालयातून पुरी पुस्तकं आणू लागले ती त्या वैतागानेच.

बाबा गेल्यावर मी दुकान चालवलं, तेही त्यांच्याच रीतीने. फक्त एक गोष्ट केली. ओव्याची बरणी सगळ्यांत वरच्या फळीवर ढकलली, आणि जो मागेल त्याला सांगितलं, ओवा संपलाय. चौदा महिने. समोरचा शिंपी तर रोज टोमणा मारायचा, वहिनी, ओवा काय जहाजाने यायचाय? मी हसून टाळायचे.

गेल्या सोमवारी तोच आला, सकाळी अकराच्या सुमारास. काल जरा जास्त जेवलो, म्हणाला, छातीत जळजळतंय, आज नाही म्हणू नका, चिमूटभर तरी ओवा द्या. मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, पहाटेपासून. मी विचारलं, दुखणं सरकतंय का? तर खो-खो हसला, अहो वहिनी, ओवा मागतोय, तुमची मुलगी नाही मागत! पण हसताना त्याचा हात जबड्याकडे गेला. गळ्यातली टेप ओलीचिंब झाली होती आणि माझ्या दुकानात पंखा चालू होता. मी कागद दगडाखाली सरकवला. तो चिडला, शर्ट बेतायचे राहिलेत म्हणाला. मी त्याचं काही ऐकलं नाही. शेजारच्या बेकरीवाल्याला हाक मारली, त्याच्या गाडीत पावाच्या ट्रेच्या मधोमध शिंप्याला बसवलं आणि दुकान उघडं टाकून दवाखान्यात बरोबर गेले. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. हृदयाचा झटका होता, वेळेत आणलंत, म्हणाले, तुम्ही नर्स आहात का? मी म्हटलं, नर्स माझी मुलगी आहे, मी पुड्या बांधते. हे सांगताना माझी मान अशी ताठ झाली होती, गोडकाडी, की तू पाहायला हवी होतीस.

आता ते राहिलेलं. त्या सकाळी काड्या तोडता तोडता बाबा थांबले आणि म्हणाले, छातीत जळजळतंय, जरा ओवा दे गं. मी त्यांच्या तळहातावर ओवा ठेवला, वर कोमट पाणी दिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, चहाचा असेल. जगाला तीन प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी एकही विचारला नाही. बरं वाटतंय म्हणाले, म्हणून मी कपडे वाळत घालायला गेले, आणि परत आले तोवर ते गेले होते. तू विचारलंस, आई, काही त्रास सांगितला होता का त्यांनी? मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. ते पुसायला हे पत्र लिहिलं. तुला राग आला तर येऊ दे, तो तुझा हक्क आहे. पण ओव्याचा त्यात दोष नव्हता, विचारायचं राहिलं तो दोष होता, आणि तो माझा. म्हणून दुकान मी बंद करणार नाही. इथे कुणीतरी विचारणारं हवं. शिंपी वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल लावलं, वरच्या फळीवरची बरणी खाली काढली, वास गेलेला ओवा टाकून दिला, बरणी धुऊन उन्हात वाळवली, नवा ओवा भरला आणि माझ्या अक्षरात चिठ्ठी लिहून ती बरणी हाताशी ठेवली.

तुझीच,
पुड्या बांधणारी आई