खाकी कव्हराच्या सात वह्या

प्रिय अहो,

नावानं हाक जन्मात मारली नाही, आता पत्रात तरी कशाला मारू? तुम्ही जाऊन दोन वर्षं होतील. इतके दिवस लिहिलं नाही, कारण रागावले होते. आज लिहितेय ते घाबरून. काल दोन माणसं तुमच्या वह्या मागायला आली होती.

चपला बाहेर काढून आत आली. स्वतः आणलेला हार तुमच्या फोटोला घातला. मी चहा ठेवला. त्यातला वयानं मोठा म्हणाला, "काकू, सरांसारखा निवडणुकीचा अभ्यास कुणाचा नाही. आता निवडणूक तोंडावर आलीय. घरोघरच्या नोंदी होत्या ना त्यांच्याकडे? साहेब म्हणतात, पुस्तक काढू." दुसरा नुसता कपाटाकडे बघत होता. निघताना मोठा दारात थांबला. "तुमचे भाऊ सोपाऱ्याला असतात ना आता? बरं चाललंय ना त्यांचं?"

दादाचा विषय मी काढलाच नव्हता. रविवारी पुन्हा येतो म्हणालेत.

आठवतंय का, निवडणूक लागली की कॉलेजातून रजा टाकून, उमेळ्याच्या आपल्या फ्लॅटातून झोळी अडकवून तुम्ही निघायचात ते थेट माझ्या माहेरी, खाडीकाठच्या वाडीत. दादा तुम्हाला घरोघर न्यायचा. "आमचे भावजी हायेत, मनातलं बोला," म्हणायचा आणि लोक बोलायचे. मत कुणाला, असं तुम्ही कधीच विचारलं नाहीत. "शेजारी काय म्हणतायत?" एवढंच विचारायचात. शेजाऱ्याचं म्हणून माणूस स्वतःचंच सांगतो, हे तुमचं तंत्र. घरी येऊन त्या निवडणुकीच्या खाकी कव्हराच्या वहीत नाव लिहायचात आणि पुढे मताची खूण करायचात. मी चिडवायचे, जावई सासुरवाडीला पाहुणचाराला जातात, आमचे मतं मोजायला जातात.

तेव्हा ते निभावलं, कारण कागदाच्या मतपत्रिका होत्या. सगळ्या केंद्रांच्या एकत्र कालवून मोजायचे. कुठल्या वाडीनं काय केलं, देवालाच ठाऊक. मग मशीन आलं. मशीनमुळे एकेका केंद्राचा आकडा वेगळा कळायला लागला. तुम्हाला केवढा आनंद झाला होता त्याचा.

निकालाच्या त्या संध्याकाळी मी वरणाची फोडणी सोडून टीव्हीपुढे बसले होते. नवा कोट शोभत होता तुम्हाला. मोठ्या कौतुकानं सांगत होतात, "वसईच्या खाडीकाठी एक छोटी वाडी आहे. तिथे मतदान बालवाडीच्या एका खोलीत होतं. सगळा पट्टा एकीकडे गेला, ही वाडी मात्र वाकली नाही. मला हे आधीच माहीत होतं, तिथल्या एका जवळच्या माणसानं सांगितलं होतं."

घरी आल्यावर म्हणालात, "पण नाव कुठे घेतलं मी?"

अहो, बालवाडीत मतदान होतं अशी वाडी सगळ्या खाडीकाठाला एकच. आणि प्रोफेसर जावई असलेलं घर त्या वाडीत एकच. एवढे शिकलात, एवढं कसं ध्यानात आलं नाही?

चौथ्या दिवशी वाडीत येणारा पाण्याचा टँकर बंद झाला. तिथल्या विहिरी खाऱ्या, हे तुम्हाला ठाऊक होतंच. कुणी धमकी दिली नाही, कुणी भांडायला आलं नाही. विचारलं की "उद्या येईल" म्हणायचे. बायका हंडे घेऊन बांधावरून हमरस्त्यापर्यंत जायच्या. होळीनंतर एकेक घर उठायला लागलं. त्या जागांना पत्रे लागले आणि पत्र्यांवर इमारतींची चित्रं आली. दादानंही शेवटी केळीची बाग विकली आणि सोपाऱ्याला एका खोलीत राहायला गेला.

तुम्हाला तो एक शब्द वाकडा बोलला नाही. मला तेवढं म्हणाला, "सुमे, भावजी खोटं नाय बोलले. पन पानी गेलं ना गं." हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही टीव्हीवर जायचं सोडलं होतंत, जेवणही तुटलं होतं. सांगायला हवं होतं का? अजून ठरत नाही माझं.

काल ती माणसं गेल्यावर मी त्या सात वह्या पहिल्यांदा उघडल्या. पानोपानी माझं माहेर. समोरची काकी, तिचे दोघे मुलगे, बालवाडीतल्या बाई. प्रत्येकापुढे खूण. दादापुढे सातही वेळा. यातली निम्मी माणसं अजून तिथेच राहतात. जी गेली त्यांचीही नावं अजून वाडीच्याच मतदारयादीत आहेत. दादाचंही आहे, आणि तो मत द्यायला तिथेच जाणार म्हणतो. कुणाचं ऐकत नाही.

आणि माझंही नाव सापडलं. तुम्ही दर वेळी विचारायचात, मी दर वेळी थाप मारायचे. सहा वह्यांत माझ्यापुढे प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे तुम्हाला कळत होतं तर! सातव्या वहीत ते खोडून लिहिलंत, "हिला विचारू नये. तिचं तिच्यापाशी." वाचून रडू आलं आणि मग असा संताप आला! बायकोच्या बाबतीत जे कळलं, ते दादाच्या बाबतीत का कळू नये?

आज सकाळी बोअरच्या खाऱ्या पाण्यानं बादली भरली आणि एकेक वही फाडून त्यात बुडवली. तुमचं अक्षर इतकं सुरेख, हात धजत नव्हता. दुपारपर्यंत लगदा झाला. माझ्या नावाचा तेवढा तुकडा ठेवलाय. त्यावरून कुणालाच काही कळणार नाही.

रविवारी ते आले की चहा देईन, वर्तमानपत्रातली तुमची कात्रणं देईन, कपाट उघडून दाखवीन. मग त्यांच्या लक्षात येईल की वह्या गेल्या, पण ती घरं दाखवणारा माणूस अजून सोपाऱ्यात राहतो. मला त्याचीच भीती वाटते.

म्हणून तुम्हाला शब्द देते. मतदानाच्या दिवशी माझं मत टाकून मी सोपाऱ्याला जाईन आणि दादाला घेऊन वाडीत जाईन. तो बालवाडीतून बाहेर येईपर्यंत बांधावर उभी राहीन, आणि त्याला त्याच्या खोलीपर्यंत सोडून मगच घरी येईन. त्यानं मत कुणाला दिलं, ते मी विचारणार नाही.

तुमची,
सुमन