गालिच्यावरच्या मेणाचा तपास

१० जुलै, बुधवार. सकाळी ७.४०

हॉलमधल्या गालिच्यावर मेण सापडलं. पांढरं. एक मोठा ठिपका, दोन रुपयांच्या नाण्याएवढा, आणि बाजूला तीन बारके. टीपॉयच्या डाव्या पायापासून अंदाजे एक फूट. (मोजलं. साडेतेरा इंच.)

गालिचा पद्मजाचा. म्हणजे घराचाच, पण तिचा. एकतीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झाली तेव्हा श्रीनगरहून आणला. फक्त स्वतःसाठी घेतलेली ही पहिलीच वस्तू, असं ती म्हणते. बदामी रंग, कडेला निळी वेल. रोज सकाळी त्यावर अनवाणी पाय ठेवून चहा पिते. सध्या नाशिकला गेली आहे, बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. शनिवारी, २० तारखेला परत. जाताना बजावून गेली की गालिच्यावर ताट घेऊन बसू नका. मेणाबद्दल काही बोललेली नाही.

काल संध्याकाळी लाईट गेले होते, सात ते पावणेआठ. लोणावळ्यात जुलैमध्ये यात नवीन काही नाही. पण मी मेणबत्तीवाला माणूस नाही. मी इमर्जन्सी लाईट वापरतो. तळेगावच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. गोपाळकृष्ण दातारांनी पास केलेला माल कधी परत आला नाही.

(इमर्जन्सी लाईट काल चार्ज नव्हता. पण तो वेगळा मुद्दा.)

निश्चय: आधी गुन्हेगार, मग डाग. पद्मजाला फोनवर काही सांगायचं नाही. तिला तिकडे टेन्शन नको.

त्याच दिवशी, ११.१५

सरूबाई आल्या. कामशेतच्या पुढच्या वाडीतून येतात, अकरा वर्षं आमच्याकडे कामाला आहेत. डागावर मी मुद्दाम खुर्ची ठेवली होती, रिॲक्शन बघायला. त्यांनी झाडताना खुर्ची सरकवली आणि म्हणाल्या, "भाऊ, मेन सांडलंय हितं. खाकी कागद ठिवून वरनं कोमट इस्त्री फिरवली की कागद मेन वढून घेतोय. आत्ता काढून दिऊ का?"

नको म्हटलं. पुरावा आहे.

मग विचार करत बसलो. मेण आहे हे एका नजरेत ओळखलं. काढायचं कसं हेही तोंडपाठ. विचारलं तर म्हणतात, "देवळातल्या सतरंज्यांवरचं दरवर्षी मीच काढती." असेल. पण निरपराध माणसाला इतकी माहिती कशी?

शिवाय त्यांच्याकडे घराची किल्ली आहे.

११ जुलै, गुरुवार. रात्री जेवणाआधी

काड्यापेटीतल्या काड्या काल मोजून ठेवल्या होत्या. चौतीस. आज एकतीस. तीन काड्या गेल्या कुठे?

(गॅसचा लायटर दमट हवेमुळे पेटत नाही म्हणून मी तीनदा काडी वापरली असण्याची शक्यता आहे. तरी नोंद ठेवतो.)

१२ जुलै, शुक्रवार. दुपारी २

तपास आणि डाग दोन्ही एकदम हाताळायचं ठरवलं. सरूबाईंचा इस्त्रीचा उपाय बाद. संशयिताने सुचवलेला उपाय कोण करतो?

माझी पद्धत: मेण कडक आहे, तेव्हा खरवडून काढायचं. साधं लॉजिक. डोशाचं उलथनं घेतलं. मेण निघालं, थोडंसं. बरोबर गालिच्याची लोकरही निघाली, जरा जास्त. आता मोठ्या ठिपक्याच्या मधोमध एक टक्कल आहे.

लोकर मुळातच सैल विणली होती. हा मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे. मी असतो तर हा पीस रिजेक्ट केला असता.

१३ जुलै, शनिवार. दुपारी १२.३०

आज सरूबाईंशी बोललो. आरोप केला नाही. मी फक्त वस्तुस्थिती मांडली. म्हटलं, "सरूबाई, घरात माझ्याशिवाय तुमचंच येणंजाणं आहे. मेण काही आपोआप येत नाही."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"म्हंजी मी?"

"मी असं म्हटलेलं नाही."

"मग काय म्हनलात?"

मी म्हटलं, मी सगळ्या शक्यता तपासतोय. त्यांनी ओढणीसारखा खांद्यावरून घेतलेला पदर सोडून पुन्हा खोचला. मग कमरेची किल्ली काढून टीपॉयवर ठेवली. "अकरा वर्षांत या घरातली टाचनी हिकडची तिकडं न्हाई केली मी. ताई आल्या की त्यांच्यासंगं बोलंन."

गेल्या. अर्धा हॉल झाडायचा राहिला.

काम सोडून जाणं म्हणजे जवळजवळ कबुलीच. तपास यशस्वी म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी ६. भांडी मीच घासली. एक कप फुटला. जुना होता.

१४ जुलै, रविवार. सकाळी १०

बाहेर पर्यटकांच्या गाड्यांची रांग. हॉर्न. घरात शांतता. गुन्हेगार सापडला, आता डाग.

उकळतं पाणी ओतलं. मेण वितळतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. वितळलं. वितळून पसरलं. नाण्याएवढा होता तो डाग आता थाळीएवढा आहे, पण पातळ झाला आहे. ही प्रगती आहे.

दुपारी ४. गालिचा वाळत नाही. इथे जुलैत रुमालही तीन दिवस वाळत नाही, हे पाणी ओतल्यावर लक्षात आलं. खाली गालिच्याकडे तोंड करून टेबलफॅन लावला. हॉलला ओल्या मेंढीसारखा वास.

रात्री ८. पद्मजाचा फोन. बहिणीचा डोळा छान आहे. मग सहज विचारावं तसं, "गालिचा कसा आहे?"

कोणती बायको फोनवर गालिच्याची तब्येत विचारते? म्हटलं, मजेत आहे. ती हसली नाही. म्हणाली, "आणि सरूबाई?" म्हटलं, त्याही मजेत.

हिला कोणीतरी बातम्या पुरवतंय.

१५ जुलै, सोमवार. सकाळी ११

बातमीदार वरच्या मजल्यावर असावा. बाजीराव शेळके. मूळचे आंबीचे, शेती अजून तिकडेच. लेकाच्या नोकरीमुळे इथे राहायला आले. माणूस चांगला, पण जिन्यात भेटला की थांबतो. थांबणारी माणसं बघत असतात.

वर जाऊन सरळ विचारलं, मंगळवारी संध्याकाळी लाईट गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?

"तुमच्याकडंच की."

मी सावध झालो. "माझ्याकडे?"

"आवो, इन्वर्टरवाल्याचा नंबर मागायला आलतो न्हाई का. मी कडी वाजवली, तुमी दार उघडलं. एका हातात मेनबत्ती, एका हातात फोन. नंबर शोधत शोधत हॉलमदी फिरत व्हता. मी म्हनलं, साहेब, खाली बशी धरा, गळतंय. तर तुमी म्हनला, मला शिकवू नका."

हे वाक्य हुबेहूब माझ्यासारखं आहे. याचा अर्थ या माणसाने माझा बराच अभ्यास केला आहे.

"तुम्हाला खात्री आहे?" विचारलं.

"इन्वर्टरवाला काल यिऊन गेला की. तुमीच दिलेला नंबर."

दुपारी ३. शांतपणे विचार केला. मेणबत्ती हातात असणं आणि मेण सांडणं या दोन स्वतंत्र घटना आहेत. शिवाय बाजीरावांनी गळताना पाहिलं तर थांबवलं का नाही? फक्त बशीचा सल्ला दिला. हा निष्काळजीपणा आहे. अंशतः जबाबदार: शेळके.

दुपारी ४.३०. कपाटात अर्धी मेणबत्ती सापडली. माझ्या शर्टांच्या खणात. ठेवली कोणी?

१६ जुलै, मंगळवार. संध्याकाळी ५

गालिचा अजून ओलसर. तरी इस्त्रीची पद्धत करून पाहायची ठरवली. सरूबाईंची नव्हे. माझी. खाकी कागद घरात नव्हता म्हणून कालचा पेपर घेतला. कागद तो कागद.

इस्त्री फिरवली. पेपर उचलला. मेण तसंच, आणि त्यावर पेपर छापला गेलाय. उलटा. आरसा धरल्यावर नीट वाचता आलं: "वधू पाहिजे. उच्चशिक्षित, निर्व्यसनी." खाली अर्धा फोन नंबर.

एवढी कच्ची शाई वापरतात म्हणजे कमाल आहे.

१७ जुलै, बुधवार. दुपारी १२

रंगकामातलं उरलेलं थिनर लावलं. वधूची जाहिरात पुसट झाली. निळी वेलही पुसट झाली. एका जागी वेल पुढे जाते, थांबते आणि हातभर लांब जाऊन पुन्हा सुरू होते.

वासाने डोकं दुखायला लागलं. सगळ्या खिडक्या उघडल्या. पाऊस आत आला.

१८ जुलै, गुरुवार. सकाळी ९

कबूल करायला हरकत नाही की थोडा थकलो आहे. ओट्यावर भांडी. मोरीत कपडे. केर जिथे सरूबाईंनी शनिवारी सोडला तिथेच आहे, मधोमध, सरहद्द आखल्यासारखा.

शेवटचा प्रयत्न. मध्ये कागद नकोच. इस्त्री थेट. फुल. मेण निदान पळून तरी जाईल.

९.२०. बाजीरावांनी वरून येऊन विचारलं, काय जळतंय? म्हटलं, टोस्ट.

९.४०. गालिच्यावर इस्त्रीचा ठसा. तपकिरी. टोकासकट. एखादी छोटी होडी बदामी समुद्रात उभी केल्यासारखी. टीपॉय त्यावर ठेवला. टक्कल उघडं पडलं. त्यावर खुर्ची. वेल तुटलेली दिसते, तिथे कुंडी. थाळीएवढा डाग उरला, त्यावर मी स्वतः बसलो. पण कायम बसून राहता येणार नाही.

दुपारी २. पद्मजाचा फोन. आज गालिच्याबद्दल काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "सरूबाईंचा फोन आला होता. तुमच्याबद्दल एक अक्षर वाईट बोलल्या नाहीत. आता दुसरीकडे काम बघते म्हणाल्या. अहो, तुमच्या आईंचं आजारपण मी त्यांच्या जिवावर काढलं. तुम्ही तेव्हा फर्स्ट शिफ्टला जायचात." आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला नाही. हळू ठेवला. ते जास्त लागलं.

आईला रोज अंघोळ कोण घालायचं, हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता. घरात आपोआप होत असेल असं वाटायचं.

१९ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०

सकाळी कामशेतला गेलो. चौकशीसाठी, असं घरून निघताना ठरवलं होतं. स्टेशनवरून रिक्षा, पुढे रस्ता संपेपर्यंत. पायात लेदरचे बूट. चुकीचा निर्णय.

घरी सून होती, कोमल. म्हणाली, "आत्या वावरात हायती. लावनी चाललीया." चहा विचारला. का विचारला असेल याचा मी विचार करू लागलो आणि मग करायचा थांबलो.

बांधावर उभा राहिलो, छत्री धरून. खाचरात आठ-दहा बाया ओळीने वाकून भाताची रोपं लावत होत्या. सगळ्यांच्या अंगावर प्लॅस्टिकचे कागद. सगळ्यांच्या पाठी सारख्या. सरूबाई कुठल्या ते ओळखता येईना. अकरा वर्षं मी त्यांचा चेहरा कितीसा बघितला असेल?

हाक मारली. तिसऱ्या ओळीतून एक पाठ सरळ झाली.

"भाऊ? हितं कुटं?"

पावसाच्या आवाजात ओरडावं लागत होतं. मी वाक्य रेल्वेत तयार करून आलो होतो. "सरूबाई, माझ्याकडून काही चूक झाली असेल तर..."

"आं? ऐकू येत न्हाई."

"चूक झाली असेल तर..."

"असंल तर? म्हंजी झाली का न्हाई?"

एकेक करत सगळ्या पाठी सरळ झाल्या. शेजारच्या हिराबाई नावाच्या बाई म्हणाल्या, "आवो दादा, काय ते बोला बिगी बिगी. रोपं हातात हायती."

"झाली असण्याची शक्यता..." मी म्हटलं. दहा बाया, गुडघाभर चिखल, आणि सगळ्या माझ्याकडे बघतायत. तेहेतीस वर्षं मी माल तपासला. मला असं कोणी तपासलं नव्हतं.

"चूक झाली!" मी ओरडलो.

"कुनाची?"

"माझी! मेण मी सांडलं. तुमच्यावर आळ घेतला. माझी चूक!"

सरूबाईंनी हातातली रोपं दुसऱ्या हातात घेतली. त्यांचा चेहरा पावसाने भिजलेला होता, त्यामुळे नक्की काय ते सांगता येत नाही. म्हणाल्या, "उद्या येती. नऊच्या गाडीनं. खाकी कागद आनून ठेवा." आणि वाकल्या.

परत येताना एक बूट खाचराच्या कडेला चिखलात राहिला. काढायला कोणाला हाक मारली नाही.

२० जुलै, शनिवार. दुपारी ४

सरूबाई आल्या. आधी अर्धा राहिलेला केर काढला. मग कुंडी, खुर्ची, टीपॉय एकेक करून बाजूला केलं आणि गालिच्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आरं देवा. ह्ये काय केलंत, भाऊ?"

मी म्हटलं, उपाय.

त्यांनी खाकी कागद पसरला, इस्त्री कोमट केली, हलक्या हाताने फिरवली. कागदावर तेलकट डाग उमटत गेले. कागद बदलला, पुन्हा फिरवली. पाच-सहा वेळा. घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं. मेण गेलं. सगळं. थाळीएवढं पसरलेलंसुद्धा. जिथे मेण होतं तिथली लोकर मऊ आणि स्वच्छ.

किल्ली मी टीपॉयवरून उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कमरेला खोचली.

पावणेदोनला पद्मजा आली. बॅग दारातच ठेवली, चप्पल काढली आणि गालिच्यापाशी आली. टक्कल पाहिलं. उलटी जाहिरात पाहिली. तुटलेली वेल पाहिली. होडीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं, "यातलं मेण कुठलं?"

सरूबाई म्हणाल्या, "मेन गेलं, ताई. आता राह्यलंय ते सगळं भाऊंचं."

मी तोंड उघडलं. कच्ची शाई, सैल विणकाम, दमट हवा, सगळं जिभेवर आलं होतं. मिटलं.

पद्मजाने एक पाय होडीवर ठेवला, मग दुसरा, आणि तिथेच मांडी घालून बसली. सरूबाईंचा हात धरून त्यांनाही शेजारी बसवलं. म्हणाली, "अहो, चहा टाका. तीन कप."

आत आलो. गॅस दुसऱ्या काडीला पेटला. आधण ठेवलं. बाहेर आधी कुजबुज, मग एकदम हसणं. दोघींचं. थांबायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं.

त्या कोणाला हसत होत्या याबद्दल मला कसलाही संशय नाही.