माकडाने नेलेला फोन

पोरी,

मी गाडी घेऊन परत कालच्या त्या प्राण्यांच्या पार्ककडे निघालोय. रागावू नकोस. तू "बाबा, काच वर करा!" म्हणून ओरडत होतीस, तरी मी फोटोसाठी हात बाहेर काढला आणि माकडाने फोन पळवला. जुनं डबडं होतं, असं मी म्हणालो. "आता माकड आजोबांना फोन करणार," म्हणून तुझा धाकटा खिदळला, तेव्हा मीही हसलो.

तो फोन तुझ्या आईचा होता. नंबर बंद केला, हे मी तुला खोटंच सांगितलं होतं. रोज चार्ज करत होतो. तिचा आवाज आता तेवढ्यातच उरलाय.

पार्कमधले झाडलोट करणारे सकाळी आठ ते साडेआठ माकडांच्या भागात असतात. फोनवर हातापाया पडलो, तेव्हा जीपमध्ये घ्यायला तयार झाले. माझ्या फोनला तिथे रेंज नाही, म्हणून त्या वेळात तू आईच्या नंबरवर रिंग देत राहा. झुडपात वाजला तर सापडेल. आठच्या आधी मात्र नको, बॅटरी संपत आली असेल.

कोणी उचलणार नाही, माहीत आहे. तरी लगेच ठेवू नकोस.

बाबा