टाळांना हरकत
रविवार, २३ ऑगस्ट २००९. चोआ चू कांग, सिंगापूर.

मंदारचं ऑफिसातलं काम म्हणजे अमेरिकेतल्या एका शहरात गॅसची विहीर खोदायला परवानगी मिळवणं. तिथली महापालिका म्हणे आधी आसपासच्या घरांना विचारते, आवाज चालेल का? तेच खूळ नवरोबांनी आज घरी आणलं! आरतीआधी मोदक घेऊन दारोदार, "टाळ वाजतील, हरकत नाही ना?" मी वैतागलेच. गणपतीला कसली परवानगी?

शेजारच्या टॅन आजींनी मोदक घेतला, पण चेहरा गंभीर. "ऑब्जेक्शन लाह!" त्या त्यांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या. "दरवर्षी टाळ नुसते ऐकते. बोलावता कधी?"

मग आरतीला सगळ्यांच्या पुढे त्याच. वेडाच आहे माझा मंदार, पण गोड.

जाताना आजी टाळ स्वतःच्या घरी घेऊन गेल्यात. उद्या त्या आल्याशिवाय आरती नाही.